किडा दिसायची वाट बघू नका: घरातली कीड ओळखताना होणाऱ्या चुका

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला आमच्याकडे दरवर्षी पाहुणे येतात. जानेवारीत घर भरतं, माळ्यावरच्या गाद्या खाली येतात, पाहुण्यांच्या वळकट्याही येतात. दोन वर्षांपूर्वी जत्रा संपली आणि फेब्रुवारीत धाकटीच्या दंडावर लाल गांधी उठायला लागल्या. डास असतील म्हणून आम्ही महिनाभर कॉइल लावत बसलो. एका सकाळी गादीची खोळ काढताना शिवणीला मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले. ओल्या कापसानं पुसले तर तांबूस डाग पसरला. ढेकूणच. फेब्रुवारीतच गादी उलटून बघितली असती तर एका खोलीत भागलं असतं. शेवटी तीन खोल्यांना औषध मारावं लागलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ढेकूण, वाळवी, उंदीर समोर येईपर्यंत घरात त्यांचा संसार थाटलेला असतो. आधी येतात त्या खुणा, आणि त्या ओळखता आल्या तर अर्धं काम घरीच होतं.

ढेकूण: खोली बदलू नका

चावा बघून ढेकूण ठरवता येत नाहीत. एकाच अंथरुणात एकाला गांधी उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. बॅटरी घ्या आणि गादीची शिवण, खाटेचे सांधे, भिंतीला टेकलेली बाजू, खिळ्यांची भोकं बघा. काळे ठिपके, पारदर्शक कात, तांदळाच्या कणीहून लहान पांढरी अंडी दिसली की खात्री झाली.

त्यानंतर बहुतेक घरांत हमखास एक गोष्ट होते: सगळे अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत झोपायला जातात. ढेकूणही त्यांच्याबरोबर जातात. रिकामी खोली बंद ठेवूनही उपयोग नाही, कारण रक्ताशिवाय ते कित्येक महिने काढतात. दुसरा आवडता उपाय म्हणजे खाट उन्हात टाकणं. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन कडक खरं, पण तापायला लागलं की ढेकूण खाटेच्या सावलीतल्या बाजूला सरकतात. त्यापेक्षा सांध्यांत उकळतं पाणी ओता, चादरी आणि खोळी कढत पाण्यात भिजवा. सोलापुरी चादरी वेगळ्या भिजवा, रंग उतरू शकतो. रॉकेल मात्र ओतू नका. लाकूड आणि कापूस त्यात भिजला की एक ठिणगी पुरते.

दोन आठवडे हे करूनही नवे ठिपके दिसत असतील, किंवा दुसऱ्या खोलीत सापडले असतील, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

ज्वारीच्या पोत्यातल्या गोळ्या

हा भाग कृपा करून घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाकडून वर्षाची ज्वारी येते आणि जागा कमी म्हणून पोती झोपायच्या खोलीतच लागतात. मग टोके, म्हणजे धान्यातले किडे, लागू नयेत म्हणून कुणीतरी सांगतं, "दोन गोळ्या टाक की, काय होतंय?"

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. 3 ग्रॅमची एक गोळी सुमारे 1 ग्रॅम वायू सोडते. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या चिरेतून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या सर्रास विकायला परवानगीही नाही. त्या सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांपुरत्याच आहेत. राहत्या घरात एकही गोळी नको. घरात लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, कुणाला उलट्या, छातीत दाटणं, चक्कर सुरू झाली, तर पोती हलवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, 108 ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा, आणि गोळ्या ठेवल्या होत्या हे डॉक्टरांना आधी सांगा. वास आला नाही म्हणून धोका नाही असंही समजू नका.

टोके लागलेत हे ओळखणं सोपं आहे. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, हाताला पिठूळ भुकटी आली, दाण्याला टाचणीएवढं भोक दिसलं, की लागलेच. चाळा, कडक उन्हात पातळ पसरा आणि तीच ज्वारी आधी दळा. नवी ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला उलटा बुरशी आणतो. पोती फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

वाळवी: माती झाडली, वाळवी गेली नाही

जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत तुळई आणि चौकटीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसते. ती झाडूनं पाडून वर चुना मारला की गेली असं वाटतं. वाळवीचं मुख्य घर जमिनीत असतं, ती दुसरीकडून चढते. नळीचा दोन बोटं भाग मोडा, कडेला पेन्सिलनं तारीख लिहा. तीन-चार दिवसांत पुन्हा लिंपलेली दिसली तर आत वाळवी जिवंत आहे. लिंपली नाही तरी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चौकट ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आत खाल्लेलं आहे. पहिल्या पावसानंतर खिडकीत पंख पडतात तेही नीट बघा: चारही पंख सारखे असतील तर वाळवी, पुढचे मोठे आणि मागचे लहान असतील तर उडत्या मुंग्या.

इथे घरगुती उपायांत दिवस घालवू नका, पहिल्या नळीलाच माणूस बोलवा. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध जमिनीत सोडावं लागतं. आयएस 6313 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात बांधलेल्या घरांसाठी हीच पद्धत दिली आहे. नुसता वरून फवारा मारून जाणारा माणूस वाळवीचं काम करत नाहीये.

झुरळं आणि उंदीर

रात्री मोरीतून एखादं मोठं तांबडं झुरळ आलं तर जाळी बसवा, भागतं. मानेवर दोन काळ्या रेघा असलेली लहान झुरळं भरदिवसा फ्रिजमागे दिसली तर आत जागा उरलेली नाही असं समजा. तिथे फवारा मारला की ती शेजारच्या खोलीत पांगतात. झुरळांसाठी मिळणाऱ्या जेलचे ठिपके लावा, आणि त्यावर फवारा मारू नका किंवा पुसू नका. फवाऱ्याचा वास आला की झुरळं जेलला तोंड लावत नाहीत.

उंदराची लेंडी तांदळाएवढी आणि टोकदार असते. पेन्सिल जाईल त्या भोकातून लहान उंदीर जातो, म्हणून भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावा. विषारी वडीचा परिणाम व्हायला चार-पाच दिवस लागतात आणि उंदीर माळ्यावर मरून कुजतो. घरात पिंजराच बरा, भिंतीला लागून. मोरीबाहेर मोकळ्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस, ती पाया पोखरते. अशा वेळी मदत घ्या.

माणूस बोलावताना

न बघता फोनवर दर सांगून "एका फवाऱ्यात सगळं जाईल" म्हणणाऱ्याला नको म्हणा. कृषी खात्याचा परवाना बघायला मागा, तो असावाच लागतो. औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. दुर्दैवानं कुणाला त्रास झाला तर डॉक्टर पहिलं तेच विचारतात. लहान मूल, गरोदर बाई, दम्याचा माणूस किंवा माशांची टाकी घरात असेल तर आधीच सांगा. आणि ढेकणांसाठी दुसऱ्या फेरीची तारीख ठरवूनच पैसे द्या, कारण अंडी औषधातून वाचतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात. आमच्याकडे औषध मारणारा मुलगा पंधराव्या दिवशी परत आला, खाटेचा एकेक सांधा बॅटरी लावून बघितला आणि फक्त दोन ठिकाणी औषध मारून गेला.