दुभंग व्यक्तिमत्त्वाच्या खलनायकाचा खटला लिहिताय? या चुका टाळा

एकाच देहात सज्जन आणि खुनी असा खलनायक कोर्टात उभा केला की अर्धं नाट्य आयतंच मिळालं, असं लेखकाला वाटतं. पण खटल्याचे प्रसंग बहुधा इथेच फसतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पिंजऱ्यातला चमत्कार. वकील डिवचतो, आरोपीचे डोळे फिरतात, आवाज घोगरा होतो, "हो, मीच मारलं!" आणि खटला संपतो. वाचकाला हे दहा पानं आधीच कळलेलं असतं. शिवाय न्यायाधीशापुढे खरा प्रश्न "यातल्या कोणी मारलं?" हा नसतोच. 1843 साली डॅनियल मॅकनॉटनने ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. वेडाच्या मुद्द्यावर तो निर्दोष सुटल्यावर जे नियम ठरले, त्यांचा गाभा असा: कृत्याच्या क्षणी आरोपीला आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळत होतं का? 1982 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या एका प्रकरणात, ते दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाने केलं, असा बचाव होता. अपील न्यायालयाने तो मानला नाही. व्यक्तिमत्त्वं कितीही असोत, आरोपी एकच.

म्हणून उलटतपासणी आजाराभोवती फिरवू नका, तपशिलाभोवती फिरवा. समजा, बचाव पक्ष म्हणतो की खून "त्या दुसऱ्याने" केला, आरोपीला काहीच आठवत नाही. सरकारी वकिलाने आवाज चढवायची गरज नाही. हातमोजे दोन दिवस आधी कोणी घेतले? पैसे कोणाच्या कार्डावरून गेले? निघण्यापूर्वी फोन घरी कोणी ठेवला? त्या दुसऱ्याला पकडले जाण्याची भीती होती, म्हणजे हे चूक आहे हे त्याला ठाऊक होतं. इथे खलनायक नुसता गप्प बसला तरी प्रसंग उभा राहतो.

स्किझोफ्रेनिया आणि दुभंग व्यक्तिमत्त्व एक समजू नका. भ्रम होणं, नसलेले आवाज ऐकू येणं ही स्किझोफ्रेनियाची लक्षणं. आपल्या पात्राचा विकार वेगळा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1994 पासून त्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात आणि स्मृतीतली भगदाडं हे त्याचं एक मुख्य लक्षण. आणि कृपा करून, विकार म्हणजेच क्रौर्य असं दाखवू नका. या विकाराची माणसं बहुधा स्वतःच फार सोसत असतात.

डॉक्टरची साक्ष दोन ओळींत उरकणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी नासाडी. केनेथ बियांकीचं प्रकरण बघा. लॉस एंजेलिस परिसरातल्या खुनांच्या मालिकेतल्या या आरोपीने 1979 मध्ये संमोहनाखाली "स्टीव्ह" नावाचं दुसरं रूप दाखवलं आणि काही तज्ज्ञांना ते पटलंही. मार्टिन ऑर्न या मनोविकारतज्ज्ञाने त्याला सहज ऐकवलं की खऱ्या रुग्णात दोनच व्यक्तिमत्त्वं असणं दुर्मीळ. थोड्याच वेळात तिसरा, "बिली", हजर! पुढे बियांकीने गुन्हा कबूल केला. तुमचा खलनायक खरा रुग्ण असो वा ढोंगी, दोन डॉक्टरांचं मत जुळू देऊ नका. वाचकाला त्यांच्या मधोमध उभं करा.

खटला चालवण्याइतकी आरोपीची आजची मनःस्थिती ठीक आहे का, हा प्रश्न वेगळा आणि गुन्ह्याच्या वेळी ती कशी होती, हा वेगळा. दोन्ही एका सुनावणीत कोंबले की गोंधळ होतो.

निकालाचंही तसंच. वेडाच्या मुद्द्यावर सुटलेला आरोपी हसत पायऱ्या उतरून घरी जातो, हे दृश्य खोडून टाका. बिली मिलिगन 1978 मध्ये ओहायोत याच बचावावर निर्दोष ठरला आणि पुढची जवळपास दहा वर्षं मनोरुग्णालयांत होता. कोंडून किती काळ ठेवायचं हे शिक्षेत आधी ठरतं, इथे ते डॉक्टरांच्या अहवालांवर अवलंबून असतं. तुमच्या खलनायकाला यातलं काय जास्त भयंकर वाटेल, हे त्याच्या वकिलाने निकालाआधी त्याला विचारलं, तर तो प्रसंग जरूर लिहा.