एमएस आणि लस: तारीख ठरवताना या चुका टाळा

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस; यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवरच हल्ला करते. हा आजार असलेले लस कोणती घ्यायची हे विचारतात सगळे. कधी घ्यायची हे विचारायचं राहून जातं. ऑक्रेलिझुमॅब या एमएसवरच्या औषधाचं इन्फ्युजन (शिरेतून सलाइनसारखं देणं) दर 6 महिन्यांनी असतं. ते झाल्यावर पंधरवड्यात न्यूमोनियाची लस घेतली, तर अँटिबॉडी जेमतेमच बनतात. अँटिबॉडी बनवण्याचं काम बी पेशींचं, आणि हे औषध त्यांनाच रक्तातून हटवतं. त्यामुळे जिवंत विषाणू नसलेली लस चक्राच्या शेवटाकडे, पुढच्या इन्फ्युजनच्या साधारण 4 आठवडे आधी घेतलेली बरी. औषध सुरूच व्हायचं असेल, तर किमान 2 आठवडे आधी लस उरका. मात्र आजार जोरात असेल तर लशीपायी औषध लांबवू नका.

दुसरी चूक अँटिबॉडीच्या रिपोर्टची. ‘निगेटिव्ह’ दिसलं की लस वाया गेली असं धरून लोक हात टेकतात. कोविडच्या लशींनंतर ऑक्रेलिझुमॅब किंवा त्याच प्रकारच्या रिटुक्सिमॅबवरच्या अनेकांत अँटिबॉडी फारशा सापडल्या नाहीत, तरी टी पेशी (विषाणूशी लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) बहुतेकांच्या जाग्या झाल्या होत्या. नेहमीच्या रक्ततपासणीत त्या मोजतच नाहीत. फिंगोलिमॉड या एमएसच्या गोळीचं गणित निराळं. त्यात लिम्फोसाइट (बी आणि टी पेशी) लसिकाग्रंथींत अडकून पडतात, म्हणून दोन्ही प्रतिसाद मंदावतात.

मग कुणी लस ‘लागावी’ म्हणून गोळ्याच बंद करतं. फिंगोलिमॉड अचानक सोडल्यावर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो, तेव्हा हे परस्पर अजिबात नको. इंटरफेरॉन किंवा ग्लॅटिरामर ही एमएसची इंजेक्शनं घेणाऱ्यांना तर हा खटाटोप लागतच नाही. त्यांचा प्रतिसाद जवळपास इतरांसारखाच असतो.

जिवंत लशी म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना त्या टाळायच्या. नागिणीची लस घेताना प्रकार विचारा: जुनी जिवंत होती, नवी 2 डोसांची रिकॉम्बिनंट लस तशी नाही. कांजिण्यांच्या अँटिबॉडी फिंगोलिमॉडच्या आधीच तपासून घ्यायच्या असतात.

आणि लशीच्या रात्री ताप चढून सकाळी पाय जड झाले, नजर धूसर झाली, तर लगेच रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) समजू नका. अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात. आधी ताप उतरू द्या. तो उतरूनही 24 तासांनंतर तसंच असेल, किंवा लक्षण अगदी नवंच असेल, तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा.