आईने सोसलेला ताण बियांना कळतो का? घोळाच्या भाजीवर स्वतः करून बघायचा प्रयोग

डाळिंबाला ताण देतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची आणि मग बहार धरायचा. पण झाडाने सोसलेला ताण त्याच्या बियांपर्यंत पोचतो का, म्हणजे ज्या रोपाने स्वतः कधी तहान बघितलीच नाही ते आईच्या तहानेमुळे वेगळं वाढतं का, हा प्रश्न मला फार आवडतो आणि तो गच्चीवर तपासता येतो.

आधी दोन मिनिटं शास्त्र. एपिजेनेटिक्स म्हणजे डीएनएची अक्षरं तीच राहतात पण त्यांच्यावर खुणा बसतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालेली खूण म्हणजे मिथाइल, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा गट डीएनएतल्या 'सी' या अक्षराला चिकटतो आणि बऱ्याचदा तिथलं जनुक गप्प बसतं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत पिढी बदलताना या खुणा मोठ्या प्रमाणात पुसल्या जातात, झाडांमध्ये तेवढ्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे काही खुणा बियांतून पुढे जाऊ शकतात.

ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोजवळच्या एका खारफुटीवर २०१० साली छान अभ्यास आला होता. एकाच जातीची झाडं, नदीकाठची उंच आणि खाऱ्या दलदलीतली ठेंगणी झुडपासारखी, जनुकं बघितली तर फारसा फरक नाही पण मिथाइलच्या खुणांमध्ये भरपूर फरक, खाऱ्या जागेत खुणा कमी. वाचायला भारी वाटतं, पण यावरून खुणांमुळेच झाडं ठेंगणी झाली असं सिद्ध होत नाही, खुणा हा नुसता मिठाचा परिणामही असू शकतो. म्हणूनच प्रयोग लागतो. तो अमेरिकेत सोनिया सुलतान यांच्या प्रयोगशाळेने पर्सिकारिया नावाच्या रानटी रोपावर केला आणि २०१६ साली छापला. कोरड्या मातीत वाढलेल्या आयांच्या रोपांनी कोरड्या मातीत मुळं जास्त लांब काढली, आणि मिथाइलच्या खुणा कमी करणारं औषध दिल्यावर हा फायदा गेला. तोही सगळ्या वाणांत सारखा नव्हता, हे लक्षात ठेवा.

आपल्याला औषधबिषध वापरायचं नाही, ती रसायनं विषारी असतात, घरात नकोतच. आपण फक्त पहिला भाग करायचा.

रोप घ्यायचं घोळ. भाजीचा घोळ, लालसर गुळगुळीत दांडा, जाडसर पानं, बारकं पिवळं फूल. दांडा मोडून बघा, पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण आहे, सोडून द्या. घोळच का, तर पिढी लवकर होते, जागा कमी लागते आणि त्याची फुलं बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणजे एका झाडाच्या सगळ्या बिया जनुकांच्या बाबतीत जवळपास सारख्या. हे फार महत्त्वाचं आहे. सुक्या माळावरून एक बी आणि ओढ्याकाठून एक बी आणून तुलना केलीत तर जो फरक दिसेल तो जनुकांचाही असू शकतो, मग काय कळणार? म्हणून सुरुवात एकाच झाडाच्या बियांपासून.

बी गोळा करणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. फळ पिकलं की त्याचं वरचं टोक टोपीसारखं निघतं आणि खाली इवल्याशा वाटीत काळ्या चकचकीत बिया, खसखशीहून बारीक. नुसता धक्का लागला तरी सांडतात, म्हणून दागिन्यांबरोबर मिळते तशी जाळीची पोटली फांदीवर आधीच बांधून ठेवा, किडे परागही आणणार नाहीत आणि बी पण पोटलीतच पडेल.

पेरताना बी पुरू नका, त्याला उजेड लागतो, ओलसर मातीवर नुसतं भुरभुरवा. रोपं थोडी मोठी झाली की दहा चांगली निवडून सारख्या पिशव्यांत, सारख्या मातीत लावा. पाच रोपांना नेहमीचं पाणी, पाच रोपांना ताण. घोळ पाणी साठवणारं रोप आहे, पालकासारखं दुपारी मान टाकत नाही, त्यामुळे ताण म्हणजे पानं पातळ पडून खालची गळायला लागेपर्यंत पाणी बंद, मग एकदा भरपूर पाणी, असं तीनदा करा. मारायचं नाही, बी धरेल एवढं जगवायचं. पावसाळ्यात हे जमत नाही, छताखाली ठेवा किंवा उन्हाळ्यात करा.

आता प्रत्येक आईचं बी वेगळ्या पाकिटात. एकत्र केलंत तर प्रयोग संपला. आणि मोजताना आकडा आयांचा धरायचा, रोपांचा नाही, म्हणजे एका आईची दहा रोपं मोजली तरी तो एकच आकडा, त्यांची सरासरी. हे मला समजायला वेळ लागला, पहिल्या वेळी पन्नास रोपं मोजून मी खूश होतो, नंतर लक्षात आलं की ताणाच्या पोरांच्या पिशव्या सगळ्या भिंतीकडे एका ओळीत होत्या आणि तिथे दुपारनंतर सावली यायची, म्हणजे मी सावलीच मोजत होतो. तेव्हापासून चिठ्ठ्या काढून पिशव्यांच्या जागा ठरवतो आणि दर चार दिवसांनी त्या बदलतो. पिशवीवर फक्त नंबर घाला, आई कोण ते वहीत, मोजणाऱ्याला कळता कामा नये.

दुसऱ्या पिढीत प्रत्येक आईची अर्धी रोपं ओली, अर्धी कोरडी. महिन्याभराने पिशवी बादलीत बुडवून तासभर ठेवा, माती आपोआप सुटते, हलक्या हाताने मुळं धुवून काळ्या कागदावर पसरा आणि सगळ्यात लांब मूळ पट्टीने मोजा. मुळं आणि पाला वेगवेगळा वाळवून ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या, स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही.

समजा ताणाच्या पोरांची मुळं लांब निघाली. लगेच एपिजेनेटिक्स म्हणू नका प्लीज. तहानलेल्या आईने बी कमी धरलं आणि प्रत्येक बीला खुराक जास्त दिला, असंही असू शकतं, यात खुणांचा काही संबंध नाही. हे वेगळं करायला आणखी एक पिढी घ्या, सगळ्यांना भरपूर पाणी, आणि मग नातवंडांवर हीच परीक्षा. नातवंडांतही फरक टिकला तर नुसत्या खुराकाचं कारण बरंच दुबळं होतं. नाही टिकला तर त्याचे दोन अर्थ होतात, एक तर खुराकच होता, किंवा खूण होती पण पुसली गेली. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपावर २०१६ सालीच दाखवलंय की खारटपणाची आठवण मुख्यतः आईकडून जाते आणि मधल्या पिढीला ताण मिळाला नाही तर विरते. मला तर हे झाडाच्या सोयीचंच वाटतं, दुष्काळ दरवर्षी थोडीच असतो.

खूण प्रत्यक्ष बघायची तर लॅबच लागते. तिथे डीएनएवर बायसल्फाइट नावाचं रसायन टाकतात, त्याने मिथाइल नसलेला 'सी' बदलतो आणि वाचताना 'टी' म्हणून दिसतो, मिथाइल असलेला 'सी' मात्र तसाच राहतो, मग रसायन टाकलेलं आणि न टाकलेलं अशी दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की खुणा कुठे होत्या ते कळतं. जवळच्या कॉलेजात बॉटनीचे कुणी सर किंवा मॅडम असतील तर वही घेऊन जा, तीन पिढ्यांची नीट नोंदलेली पाकिटं बघून त्यांनाही आनंद होईल. तोवर बी कोरड्या डबीत ठेवा, आणि उपटलेला घोळ तसाच फेकू नका, उपटल्यावरही त्याचं फळ पिकून बी सांडतं आणि पुढच्या खेपेला तुमच्या पिशव्यांत भलत्याच आईची पोरं उगवतात.