ग्रोथ हार्मोनच्या डोपिंगवर पीएच.डी. करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आखाड्यांतून आणि कबड्डीच्या मैदानांवरून रक्ताचे नमुने घेऊन ग्रोथ हार्मोनच्या डोपिंगवर संशोधन करू पाहणारे विद्यार्थी सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणते यंत्र वापरावे हाच असतो. माझ्या पाहण्यात मात्र या विषयाचा प्रबंध यंत्रापाशी क्वचितच अडला आहे. तो अडतो तो नमुना देणाऱ्या खेळाडूची हकीकत नीट विचारून न घेतल्यामुळे.

सर्वांत ढोबळ चूक म्हणजे रक्तातील ग्रोथ हार्मोनचे एकदाच मोजमाप करून त्यावर निष्कर्ष काढणे. हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीतून थांबून थांबून, लाटांसारखे स्रवते. गाढ झोपेत आणि जोरदार व्यायामानंतर ते कित्येक पटींनी वाढते आणि रक्तात आलेले अर्धे हार्मोन साधारण वीस मिनिटांत नाहीसे होते. म्हणूनच आयसोफॉर्म चाचणी, म्हणजे हार्मोनच्या वेगवेगळ्या रूपांची चाचणी, एकूण प्रमाण पाहत नाही, त्या रूपांचे गुणोत्तर पाहते. शरीर स्वतः २२ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाच्या मुख्य रूपाबरोबर २० किलोडाल्टनचे आणि इतरही रूपे तयार करते, तर इंजेक्शनमध्ये फक्त २२ किलोडाल्टनचे रूप असते. ही चाचणी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरली गेली, पण तिची पकड एक-दीड दिवसाचीच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून वापरात आलेली दुसरी पद्धत आयजीएफ-१ आणि पी-३-एनपी ही ग्रोथ हार्मोनमुळे वाढणारी दोन प्रथिने मोजते; इंजेक्शन थांबवल्यावरही ती काही दिवस वाढलेली राहतात. मूत्रात हे हार्मोन अत्यल्प उतरते, त्यामुळे नमुना रक्ताचाच हवा.

दुसऱ्या पद्धतीत खरी कसोटी हकिकतीची लागते. आपल्याकडे नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणारे पहिलवान आहेत, आणि चैत्रात खानदेशातून पायी सप्तशृंगी गडावर जाणारे खेळाडूही पुष्कळ आहेत. अन्न तुटले की काही दिवसांतच आयजीएफ-१ घसरते, आणि त्याच वेळी ग्रोथ हार्मोन मात्र वाढते. असा नमुना 'सामान्य' म्हणून संदर्भगटात, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या निर्दोष खेळाडूंच्या गटात, गेला की गटाची सरासरीच खाली येते, आणि पुढे एखाद्या निर्दोष मुलाचा आकडा उगाचच उंच दिसू लागतो. त्यामुळे अर्जात उपवासाची, पायी वारीची, गेल्या काही महिन्यांतल्या हाडमोडीची नोंद असलीच पाहिजे. हाड जुळून येताना पी-३-एनपीही वाढते. एका तरुणाने आमच्या अर्जात 'आजार नाही' असे लिहिले होते, आणि ते खरेही होते. मनगटाला बांधलेला क्रेप बँडेज आम्ही नमुना घेऊन झाल्यावर पाहिला.

वयाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. या पद्धतीच्या सूत्रात आयजीएफ-१ आणि पी-३-एनपी यांच्याबरोबर वयही घालावे लागते, कारण दोन्ही प्रथिने किशोरवयात शिखरावर असतात आणि पुढे उतरत जातात. गावाकडच्या शाळेच्या दाखल्यांवर एकामागून एक १ जून ही जन्मतारीख दिसू लागली, तर ती शाळेत नाव घालताना सोयीसाठी लिहिलेली असण्याची शक्यता धरावी. पस्तिशीतल्या माणसाचे वय वर्षभराने चुकले तर फारसे बिघडत नाही, सतरा-अठराच्या मुलाचे चुकले तर सूत्रातून येणारा गुणांक सरकतो. शक्य तिथे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला किंवा रुग्णालयाची नोंद मागावी, आणि न मिळाल्यास तो नमुना संदर्भगटाबाहेर ठेवावा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात नमुने घेताना आमच्याकडून जी चूक झाली, ती स्पष्टच सांगतो. उष्णतेच्या धास्तीने आम्ही नळ्यांतले रक्त साकळू न देताच त्या थेट बर्फावर ठेवल्या. संध्याकाळी सेंट्रीफ्यूजमध्ये वेगाने फिरवल्यावर वरचा सीरम, म्हणजे रक्तपेशींपासून सुटा झालेला द्रव, पिवळसर दिसण्याऐवजी लालसर दिसला. काही ठिकाणी रक्तपेशी फुटल्या होत्या. त्या दिवसाचे सगळे नमुने बाद करावे लागले. रक्त आधी खोलीच्या तापमानात साकळू द्यावे, मग ते थंड ठेवावे, पण बर्फाला चिकटू देऊ नये. सीरम वेगळा केल्यावरच तो गोठवावा, आणि तोही छोट्या छोट्या नळ्यांत वाटून, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवण्याची वेळ येणार नाही.

स्वयंसेवकांना ग्रोथ हार्मोन टोचून पाहण्याचा आराखडा असेल, तर स्पर्धेत उतरणारा एकही खेळाडू त्यात घेऊ नये. नैतिक समितीची मंजुरी मिळाली तरी तो डोपिंगच्या नियमांत सापडेल.

शेवटची चूक मर्यादारेषेची. एस्टोनियाचा स्कीपटू आंद्रुस वीरपालू २०११ मध्ये आयसोफॉर्म चाचणीत दोषी ठरला होता; क्रीडा लवादाने मार्च २०१३ मध्ये त्याची बंदी उठवली. चाचणीचे तत्त्व लवादाला मान्य होते, त्याने हार्मोन घेतले असावे असे दाखवणाऱ्या गोष्टीही लवादाने नमूद केल्या, तरी दोषी ठरवण्याची मर्यादारेषा ज्या आकडेवारीवर आखली होती, तिची विश्वासार्हता आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला पुरेशी सिद्ध करता आली नाही. संदर्भगटातून कोणते नमुने वगळले आणि का, हा त्या वादातला एक कळीचा मुद्दा होता. म्हणून बाद केलेल्या नमुन्यांची वेगळी वही ठेवावी, आणि प्रत्येकापुढे तारीख, किटचा बॅच क्रमांक व वगळण्याचे कारण लिहावे, आणि ते निकाल पाहण्याआधी लिहावे. आमच्या वहीत लालसर सीरमचे नमुने पहिल्याच पानावर आहेत.