भ्रूणांची तुलना शिकताना: चित्र बाजूला ठेवून एक अवयव धरावा

भ्रूणविज्ञानाच्या अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यासमोर बहुधा आधी येते ते एक चित्र: मासा, कासव, कोंबडी आणि माणूस यांचे जवळजवळ एकसारखे दिसणारे भ्रूण. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा आकृत्यांत साम्य वाढवून दाखवले गेले होते, हे १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन व सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष भ्रूणांशी ताडून दाखवले. त्यामुळे उत्क्रांतीचा पुरावा मात्र ढळत नाही. भ्रूण पूर्वजांच्या प्रौढ अवस्थांतून जातो हे हेकेल यांचे मत टिकले नाही एवढेच, आणि अशा प्रकारच्या मताविरुद्ध भ्रूणशास्त्रज्ञ कार्ल फॉन बेअर यांनी हेकेल यांच्याआधी, १८२८ मध्येच प्रतिपादन केले होते.

माझ्या अनुभवानुसार या विषयाचे मर्म कळते ते एकाच अवयवाचा शेवटपर्यंत माग काढल्यावर. मी पहिली ग्रसनी कमान, म्हणजे भ्रूणाच्या घशाच्या भागातील कमानीसारख्या उंचवट्यांपैकी पहिला, निवडली. (माणसाच्या भ्रूणात कल्ले असतात, असे कोणी सांगितले तर ते मानू नये; असतात त्या कमानी व त्यांमधील खोबणी.) सरड्यात या कमानीच्या कूर्चेच्या (मऊ, लवचीक हाडासारख्या ऊतीच्या) मागच्या टोकाभोवती जबड्याचा सांधा बनतो, सस्तन प्राण्यांत तेच भाग कानातील हातोडी आणि ऐरण ही हाडे होतात (जबड्याचा सांधा तिथे नव्याने दुसऱ्या हाडांत बनतो), हे कार्ल रायशर्ट यांनी १८३७ मध्ये दाखवले. कूर्चा निळी व हाड लाल रंगवलेले नमुने क्रमाने पाहिल्यास हे स्थित्यंतर डोळ्यांनी दिसते. त्यातच मॉर्गन्युकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या प्राचीन नातलगाच्या जीवाश्मात जुना व नवा असे दोन्ही सांधे एकाच जबड्यात आढळतात, म्हणजे भ्रूणावरून बांधलेल्या अंदाजाला खडकातूनही दुजोरा मिळतो.

तुलना करताना वय नव्हे, विकासाची अवस्था जुळवावी. कोंबडीसाठी हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या ४६ अवस्था वापरतात. अगदी आरंभीचे टप्पे सर्वांत सारखे असतील, ही अपेक्षाही ठेवू नये. पीतकाच्या (अंड्यातील बलकाच्या) प्रमाणानुसार पेशींची सुरुवातीची विभाजने बरीच भिन्न असतात, आणि साम्य मधल्या काळात अधिक ठळक होते.

दुसरा अवयव घ्यायचा झाल्यास दात घ्यावेत: प्रौढपणी दातच नसलेल्या, तोंडातील गाळणीसारख्या पट्ट्यांनी अन्न गाळून खाणाऱ्या बलीन देवमाशांच्या भ्रूणात दातांचे अंकुर येतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात.