कादंबरी लिहिणाऱ्या आईबाबांनी मुलाला लेखनात कसं सामील करावं

‘मूल झोपल्यावर लिहा’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. एका कादंबरीला दोन-तीन वर्षं सहज लागतात. इतका काळ आई दार लावून काय करते, हे घरातल्या सर्वांत लहान माणसाला कळूच नये का? मी सांगते ते चार ते सात वर्षांच्या मुलासाठी आहे.

आधी खरं काम द्या. खर्ड्याची प्रिंट काढली की पानांवर क्रमांक घालणं, गठ्ठा नीट लावणं, एवढं पाच वर्षांचं मूल मन लावून करतं. वाचायला येत असेल तर प्रूफात सुटलेले अनुस्वार पेन्सिलीने शोधू द्या. पाठकोरे कागद त्याचे. फक्त मागचा मजकूर आधी बघून घ्या. माझ्या कादंबरीतला एक मृत्यू मुलीने असाच आपल्या चित्रामागे वाचला होता.

आता अवघड भाग: त्याची गोष्ट लिहून घेणं. रोज दहा मिनिटं, आपलं लिखाण संपल्यावर, मूल सांगेल आणि तुम्ही लिहाल.

मी इथेच चुकले. मुलगी पाच वर्षांची असताना म्हणाली, “पाऊस डोंगरावरून घसरला आणि आमच्या घरात आला.” मी लिहिलं, ‘डोंगरावर पाऊस पडला.’ दिवसभर स्वतःची वाक्यं दुरुस्त करणारा हात, तो आपोआप वळला. वाचून दाखवताना तिने मला थांबवलं. “आई, हे मी नाही सांगितलं.” वर मी तिला समजावत बसले की पाऊस घसरत नाही, पडतो. पुढचे दोन महिने तिने मला एकही गोष्ट सांगितली नाही. आजीला सांगायची, मी खोलीत आले की गप्प व्हायची.

म्हणून कळकळीने सांगते, एक शब्दही बदलू नका. ‘करला’ म्हणालं तर ‘करला’ लिहा. ‘आणि मग’ वीस वेळा आलं तर वीस वेळा लिहा. शुद्धलेखन शिकवायला दुसरी वेळ काढा, ही दहा मिनिटं नकोत.

मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर उतरवू नका. हातानेच लिहा, मुलाला कागद दिसेल असं बसून, प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारत. काही दिवसांत मूल तुमचं पेन थांबेपर्यंत थांबायला लागतं. वाक्य कुठे संपतं हे त्याला तिथे कळतं. रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हेच हरवतं.

प्रश्न एकच विचारा: “मग?” ‘वाघ कुठून आला?’ असं विचारलंत की मूल गोष्ट सोडून तुम्हाला पटेल असं उत्तर शोधू लागतं. तात्पर्य तर कधीच विचारू नका. तीन वाक्यांत “संपली” म्हणालं तर संपली. शेवटी ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचून दाखवा आणि ते सांगेल ती दुरुस्ती करा.

शिकागोच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली बालवर्गातल्या मुलांच्या गोष्टी अशाच उतरवून घेत आणि मग वर्गात त्या मुलांकडून वठवून घेत. घरी आजी-आजोबांना पात्रं करून हे सहज जमतं.

पुस्तक बांधणं सोपं आहे. चार ए-फोर कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात, म्हणजे एक फर्मा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. दाभण तुम्ही धरा, दोरा मुलाला ओढू द्या. मुखपृष्ठावर लेखक म्हणून त्याचं नाव, आत ‘लेखनिक: आई’.

आणखी एक. त्याचं वाक्य आवडलं म्हणून न विचारता आपल्या कादंबरीत घालू नका. मी ‘घसरलेला पाऊस’ मागितला, तेव्हा मुलगी थोडा वेळ विचार करून “नको” म्हणाली. तो माझ्या कादंबरीत नाही.