घराजवळची टेकडी आणि चौघांचा स्कीचा हिवाळा

मोजे एकच जोडी घालायचे. बाकी सगळं नंतर, आधी हे, कारण आमच्या लेकीचा पहिला दिवस याच चुकीपायी वाया गेला. ती तेव्हा ६ वर्षांची होती आणि बाहेर उणे ११ होतं. मी मूळची सांगलीची. थंडी वाजली की एकावर एक चढवायचं, एवढंच मला ठाऊक. दोन जाड लोकरी मोजे घातले, त्यावर स्कीचे बूट चढवले आणि बकला घट्ट आवळल्या. वीस मिनिटांत पोर म्हणाली, "आई, पाय दुखतायत." थोड्या वेळानं म्हणाली, "आई, पाय कळतच नाहीयेत." आत नेऊन बूट काढले तर बोटं पांढरीफटक. जॅकेटच्या आत तिचे दोन्ही तळवे पोटाशी धरून बसले, तेव्हा कुठे हळूहळू रंग परतला. बूट आवळला गेला की पायात रक्त नीट खेळत नाही. शिवाय ऊब धरून ठेवणारी हवा मोज्यात उरत नाही. म्हणून पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एकच मोजा. सुती नाही. थर्मलची पँट बुटाच्या वरच थांबली पाहिजे. बुटात मोज्याशिवाय काहीही नको, मोज्याची चुणीसुद्धा नको, ती तासाभरात नडगीला बोचायला लागते.

आम्ही कॅनडात, ओंटारिओतल्या मिल्टनला राहतो. घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर ग्लेन ईडन आहे. केल्सो नावाच्या संरक्षित क्षेत्रात, नायगारा एस्कार्पमेंटच्या कड्याला लागून. वरून ४०१ महामार्गावरची वाहनं दिसतात. स्की म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आल्प्स किंवा कॅनडाच्या पश्चिमेकडचं व्हिसलर येतं. व्हिसलरचा उतार उंचीनं दीड किलोमीटरच्या वर आहे. ओंटारिओत मोठं म्हणून नावाजलेलं, कॉलिंगवूडजवळचं ब्लू माउंटनही जेमतेम २२० मीटर. ग्लेन ईडन तर त्याहून कितीतरी लहान. पुण्याच्या पर्वतीची आठवण यावी, इतपतच. पण मुलांना घेऊन शिकायचं असेल तर हीच टेकडी हवी, असं माझं ठाम मत आहे. वर्षातून एकदा चार दिवसांची मोठी सहल काढली की पहिले दोन दिवस गेल्या वर्षीचं आठवण्यात जातात, तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात आणि चौथ्या दिवशी परतायचं असतं. त्याऐवजी डिसेंबर ते मार्च, आठवड्यातून एकदा, दोन तास. शनिवारी शक्यतो नाहीच. आम्ही मंगळवारी संध्याकाळी जातो. उतारांवर दिवे असतात, रांगा छोट्या असतात, आणि शाळेचा अभ्यास उरकून पावणेसहाला निघालं तरी साडेआठला घरी आमटी-भात होतो.

दिवस कसा निवडायचा, हे आम्हाला तिसऱ्या हिवाळ्यात कळलं. इथला बर्फ आभाळापेक्षा यंत्रांवर जास्त अवलंबून असतो. मोठाले पंखे पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात आणि खाली येईपर्यंत त्यांचा बर्फ होतो. त्यासाठी पारा साधारण उणे २ च्या खाली हवा, आणि हवा जितकी कोरडी तितकं उत्तम. म्हणून अंगणात एक चिमूट बर्फ नसला तरी टेकडी पांढरी असते. मात्र दुपारी बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठला, की सकाळी उताराची काच झालेली असते. नवशिक्या मुलाला अशा दिवशी अजिबात नेऊ नका. त्या एका दिवसात बसलेली भीती काढायला महिना लागतो. उणे ३ ते उणे ८, वारा नाही आणि उतार नुकताच यंत्रानं विंचरलेला, असा दिवस मिळाला तर बाकीची कामं पुढे ढकला. विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, मात्र रोज बघायचंच. ते उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. आमच्याकडे टेकडीवर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये बसल्यावर एकमेकांचे गाल आणि नाक बघायचा रिवाज आहे. पांढुरका डाग दिसला की खाली उतरून थेट आत जायचं, "अजून एकच फेरी" चालत नाही.

सामान विकत घेऊ नका, निदान पहिली दोन-तीन वर्षं. मुलांचे पाय दर हिवाळ्यात वाढतात. इथल्या बऱ्याच दुकानांत हंगामभराचं भाडं असतं. शरद ऋतूत सामान घ्यायचं, वसंतात परत करायचं. ऑक्टोबर उजाडायच्या आत गेलात तर लहान मापं मिळतात, नोव्हेंबरात हात हलवत परत यावं लागतं. मुलाची स्की उभी धरली तर टोक त्याच्या हनुवटीपासून नाकापर्यंत कुठेतरी यावं. नवशिक्यासाठी आखूडच बरी. बूट घालून मूल ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठा बूट घ्यायचा मोह आपल्याला होतोच, शाळेचे बूट आपण तसेच घेत आलो. इथे तसं करू नका. सैल बुटात पाय वळतो, पण स्की वळत नाही.

भाड्याच्या अर्जावर वजन विचारतात. खरं लिहा. पहिल्या वर्षी मी मुलाचं वजन अंदाजानं जास्त टाकलं होतं. पडल्यावर बूट स्कीपासून सुटला नाही आणि त्याचा गुडघा पिळवटला. थोडक्यात वाचला, पण ती रात्र मी जागून काढली. बूट किती जोर पडल्यावर सुटावा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी पाहून ठरवतात. तिथला एक आकडा चुकला की सगळंच चुकतं. हेल्मेट तेवढं नवं घ्या. जुन्याला आधी काय मार बसलाय, ते बाहेरून दिसत नाही.

कपड्यांचं सोपं आहे. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारं थर्मल, मध्ये लोकरीचं किंवा फ्लीसचं, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. सासूबाईंनी विणलेला लोकरी स्वेटर मधल्या थराला इतका छान बसतो की लेक दुसरं काही घालत नाही. मफलर नको, लिफ्टमध्ये अडकतो. गळ्यात नेक वॉर्मर घालायचा. हेल्मेटखाली कानटोपी नको. हातमोजे बोटांचे नकोत, मिटनच हवेत (अंगठा वेगळा, बाकी बोटं एकत्र), आणि एक जास्तीची जोडी खिशात ठेवा.

आता शिकायचं. पहिले चार-पाच धडे शिकवणाऱ्याकडूनच घ्या, आपल्या मुलांना आपण शिकवायला जाऊ नका. आईबाबांचा आवाज उतारावर फार लवकर चढतो. आणि मुलं धडा घेत असताना तुम्हीही मोठ्यांच्या वर्गात उभे राहा. खाली कठड्याला टेकून फोनवर व्हिडिओ काढणारे आईबाबा मी दर आठवड्याला पाहते आणि मला मनापासून वाटतं, यांनीही बूट चढवावेत. माझा नवरा चाळिशीत शिकला. बाबा पडतो, हसतो, उठतो, हे पाहिल्यावर धाकट्याची पडायची भीती गेली. मी सांगून ती कधी गेली नसती.

सुरुवात मॅजिक कार्पेटवर होते. हा जमिनीलगतचा सरकता पट्टा. उभं राहायचं, तो वर नेऊन सोडतो. थांबायला स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची. शिकवणारे त्याला पिझ्झा म्हणतात. सासूबाई एका हिवाळ्यात आल्या होत्या, काचेच्या खिडकीतून पाहत म्हणाल्या, "अगं, ही तर घडीची पोळी!" आमच्या घरात तेच नाव रुजलं. उतारावरून मी ओरडते, "पोळी, पोळी!" आणि पोरं थांबतात. पडल्यावर उठायचं तंत्रही पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्या. दोन्ही स्की उताराला आडव्या, शरीराच्या खालच्या बाजूला, मग वरच्या बाजूच्या हातानं रेटून उठायचं. टोकं उताराकडे ठेवून उठलं की मूल उभं राहायच्या आत घसरतं.

खुर्चीच्या लिफ्टची धास्ती मोठ्यांनाच जास्त असते. चालवणाऱ्याला हात दाखवून "पहिली वेळ आहे" म्हणा, ते वेग कमी करतात. मागे टेकून बसायचं, दांडा खाली घ्यायचा, उतरताना टोकं वर. लहानग्याला कधी एकटं बसवू नका. वर फलकावर हिरवा गोल म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. पण ही तुलना त्याच टेकडीपुरती असते. आमच्याकडचा हिरवा लीलया उतरणारी लेक ब्लू माउंटनच्या हिरव्यावर पहिल्यांदा थबकली होती. नियम मुलांकडून तोंडपाठ करून घ्या: पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क पहिला. थांबायचं ते कडेला आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. निघताना आधी वर बघायचं.

स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच फळी, हवा म्हणून धाकट्यानं हट्ट धरला तेव्हा आम्ही त्याला ८ वर्षांचा होईपर्यंत थांबवलं. स्कीवर पहिल्या दिवशी मजा येते आणि सफाई यायला वर्षं लागतात. बोर्डवर पहिले दोन-तीन दिवस नुसतं आपटणं असतं, मग अचानक जमतं. पडताना हात टेकला जातो, म्हणून मनगटाची पट्टी आणि ढुंगणाला गादी हवीच. कोणता पाय पुढे ठेवायचा, ते घरातच बघा: मोजे घालून फरशीवर पळत येऊन घसरा, जो पाय आपोआप पुढे जातो तो.

खाण्याचं तुम्हाला सांगायला नको, तरी दोन गोष्टी सांगते. थर्मासमध्ये पातळसर मुगाची खिचडी, वर तूप, ही तिथल्या कुठल्याही फ्राईजपेक्षा सरस. आणि संक्रांत नेमकी ऐन हंगामात येते, तेव्हा जॅकेटच्या आतल्या खिशात तिळगूळ ठेवायचा. चिक्कीचा नको, थंडीत दगड होतो आणि माझ्या लेकीचा दुधाचा दात त्यातच गेला. मऊ वडी. गेल्या संक्रांतीला ती आम्ही लिफ्टवर बसून वाटून खाल्ली. शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनाही दिली, "गोड बोला"चा अर्थ त्यांना लेकीनं समजावून सांगितला.

थकवा दिसायच्या आधी निघा. शेवटच्या फेरीत पाय ऐकत नाहीत आणि दुखापती तेव्हाच होतात. मूल "अजून एक" म्हणत असतानाच गाडीत बसवलं, तर पुढच्या मंगळवारी तेच आधी तयार होऊन दारात उभं राहतं.

घरी आल्यावर बुटाच्या बकला मोकळ्या करा, आतलं अस्तर निघत असेल तर काढा आणि त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर उघड्यावर ठेवा. हीटरला टेकवून नको, अस्तर आक्रसतं. स्कीच्या कडा फडक्यानं कोरड्या पुसा. पुसल्या नाहीत तर चार दिवसांत गंज धरतात.